अर्ज घाऊक, नाव एकेकाचं

(कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जसे शब्द आले तसेच ठेवले आहेत.)



शिबिराचे संयोजक मला म्हणाले, लॉ फर्मला अर्ज कसे करायचे तेवढं पोरांना सांग. मी म्हटलं, एवढंच? ते म्हणाले, एवढंच. सकाळपासून इथं क्रांतीवर तीन भाषणं झाली. आता जेवणानंतर अर्ज. तुमच्यातले काही जण आत्ताच जांभया देताहेत. द्या. पण क्रांतीवर बोलणाऱ्या आपल्या किती पोरांना साधा एक अर्ज धड करता येत नाही, हे मी जवळून पाहिलंय. त्यातला पहिला मीच.

मी तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सकाळी कॉलेज, दुपारी झेरॉक्सच्या दुकानात नोकरी. वर्गातल्या एकाचा मामा सॉलिसिटर, दुसऱ्याच्या बापाचा मित्र सीनियर कौन्सिल. त्यांची इंटर्नशिप एका फोनवर ठरायची. माझ्या बापाकडेही फोन होता, पण तो फोन करणार कुणाला? मुकादमाला?

मग मी दोन रात्री जागलो. फर्मच्या वेबसाइट धुंडाळून दीडेकशे ईमेल पत्ते गोळा केले. एका मित्राचं पत्र उचललं, त्यात माझं नाव घातलं. सगळे पत्ते एकाच ओळीत टाकले, वर 'डिअर सर' लिहिलं आणि दाबलं बटण. दीडशे फर्म एका फटक्यात! वाटलं, साला, आपण जिंकलो.

उत्तर आलं एक. एका फर्मच्या पार्टनर बाईंचं. त्यांनी लिहिलं होतं की, मी सर नाही, आणि तुमच्या पत्रात ज्या फर्मचं नाव आहे ती फर्म आमच्या समोरच्या इमारतीत आहे. मित्राच्या पत्रातलं नाव खोडायचं राहून गेलं होतं. आणि पत्ते उघडेच असल्यामुळे दीडशे फर्मना कळलं की हा गडी एकाच वेळी दीडशे दारं ठोठावतोय.

त्या रात्री मी मित्रांसमोर जातिव्यवस्थेला शिव्या घातल्या. आज सांगतो, त्या दिवशी तिथं जात नव्हती, माझा गाढवपणा होता. जात कुठं आहे आणि आपला गाढवपणा कुठं आहे, हे दोन्ही वेगवेगळं ओळखता आलं पाहिजे. नाहीतर आपली खरी तक्रारसुद्धा कुणी ऐकणार नाही.

आता घाऊक अर्ज करायचेच कशाला? तर ओळख नाही म्हणून. ज्याच्याकडे ओळख आहे त्याला एक फोन पुरतो. ज्याच्याकडे नाही त्याला शंभर पत्रं लागतात. हे आजचं नाही. 1923 साली बाबासाहेब बॅरिस्टर होऊन आले आणि मुंबई हायकोर्टात त्यांनी वकिली सुरू केली. पदव्या किती, विद्वत्ता किती, ते मी तुम्हाला सांगायला नको. पण ब्रीफ सॉलिसिटरच्या हातून यायची, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे ब्रीफ द्यायला सॉलिसिटर तयार नसत. मग खालच्या कोर्टातली कामं घे, संस्थेत मर्कंटाईल लॉ शिकव, असं करत त्यांना उभं राहावं लागलं. दार कोर्टाचं नव्हतं अडलं, दार सॉलिसिटरच्या ऑफिसचं अडलं होतं.

तेच दार आज इंटर्नशिपचं आहे. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला किमान 20 आठवडे इंटर्नशिप करावी लागते, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. हिशेब करा. म्हणजे दरवर्षी एक जागा मिळवायलाच हवी. कागदावर ही फक्त अट आहे. पण फर्म नोकरीला माणूस घेते तो बऱ्याचदा आधी इंटर्न म्हणून पाहिलेल्यांतूनच. आणि राज्यघटनेचं कलम 16(4) सरकारी नोकरीपुरतं. फोर्ट, नरिमन पॉइंट, लोअर परळच्या खासगी फर्मच्या दारापर्यंत ते पोचत नाही. तिथं आपल्या हातात अर्जच आहे. तर तो हत्यारासारखा परजून ठेवा.

आता कामाचं बोलतो. वह्या काढा.

पहिलं काम तक्त्याचं. कॉम्प्युटरवर स्प्रेडशीट उघडा. रकाने पाडा : फर्मचं नाव, शहर, काम कोणतं – कोर्टाचं, कंपन्यांचं, कामगारांचं, करांचं – कुणाला लिहायचं त्यांचं पूर्ण नाव, श्री की श्रीमती, ईमेल, पाठवल्याची तारीख, उत्तर काय आलं. पत्ता फर्मच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्या शिळ्या असतात, त्यातले निम्मे मेल परत येतात. फर्मनं अर्जासाठी वेगळा पत्ता किंवा फॉर्म दिला असेल तर तोच वापरा, पार्टनरच्या मेलवर धडका मारू नका. बाई की बुवा ते कळलं नाही तर पूर्ण नाव लिहा, 'सर' चिकटवू नका. आणि नुसत्या मोठ्या फर्मच्या मागं लागू नका. जिल्हा कोर्टातल्या, लेबर कोर्टातल्या वकिलांची ऑफिसंसुद्धा तक्त्यात घाला. तिथं चार आठवड्यांत खरं काम हातात पडतं.

दुसरं काम पत्राचं. 'आय बेग टू स्टेट' वगैरे साहेबी जमान्यातली भीक पहिल्यांदा टाकून द्या. इंग्रजी कच्चं असेल तर वाक्यं लहान ठेवा. मी कोण, कुठल्या वर्षाला, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत मोकळा, आजवर काय केलं, तुमच्याकडेच का. एवढ्यात पत्र संपलं पाहिजे. विषयाच्या ओळीत सगळं आलं पाहिजे : इंटर्नशिपसाठी अर्ज, महिना, कोर्स, वर्ष, नाव.

आज मी ज्या ऑफिसात काम करतो तिथं इंटर्नचे मेल माझ्याकडे येतात. खरं सांगतो, एका मेलला मी अर्धा मिनिट देतो. अर्ध्या मिनिटात मला तारखा सापडल्या नाहीत तर मी पुढं जातो. तो पोरगा आपला असला तरी कळायला मार्ग नसतो.

तिसरं काम यंत्राचं. याला मेल मर्ज म्हणतात. पत्राचा एकच साचा करायचा आणि जिथं नाव, फर्म, कामाचा प्रकार बदलतो तिथं तक्त्यातल्या रकान्याची खूण ठेवायची. यंत्र एकेक ओळ उचलतं आणि एकेकाला वेगळं पत्र पाठवतं. शंभर जणांना शंभर पत्रं, प्रत्येकावर त्याचंच नाव. एकमेकांचे पत्ते कुणाला दिसत नाहीत. बीसीसीत सगळे कोंबणं हा यावरचा इलाज नाही. त्यात नाव बदलत नाही, आणि असा मेल कचऱ्याच्या पेटीत पडायची भीती जास्त.

यंत्राच्या खोडी आधी समजून घ्या. वर्ड आणि आउटलुकच्या साध्या मेल मर्जमधून फाइल जोडता येत नाही. म्हणजे पत्र गेलं, बायोडाटा घरीच. कित्येकांचं असं झालंय. साध्या जीमेलवरून दिवसाला 500 पर्यंत मेल जातात, आणि गूगल शीटला स्क्रिप्ट लावून पाठवाल तर 100. मर्यादा ओलांडली की काही तास मेल पाठवणं बंद पडतं, आणि नेमकं त्याच दिवशी कुणाला तरी उत्तर द्यायचं असतं. म्हणून दिवसाला तीस-चाळीस पाठवा. घाई कसली आहे?

पाठवण्याआधी तक्त्याच्या पहिल्या तीन ओळींत स्वतःचा आणि दोन मित्रांचा पत्ता घाला. आधी त्या तिघांना पाठवा. मोबाइलवर उघडून बघा. बायोडाटा जोडला गेला का? फाइलला तुमचं नाव आहे की 'फायनल नवीन 3' आहे? एखादा रकाना रिकामा राहिला तर पत्र 'डिअर' वर येऊन लटकतं. तेही बघा. हे तीन मेल मी त्या वेळी पाठवले असते तर समोरच्या इमारतीची गोष्ट आज सांगावी लागली नसती.

आणि एक लक्षात ठेवा. यंत्र हमाली करतं, विचार करत नाही. शंभरातल्या वीस जागा तुम्हाला मनापासून हव्या असतील. त्या वीस पत्रांत एक वाक्य स्वतःच्या हातानं लिहा. समजा फर्म कामगारांचे खटले चालवते आणि तुमच्या बापाची गिरणी बंद पडलेली, तुम्ही त्या कज्जाचे कागद वाचलेले. लिहा की तसं. ते वाक्य मामाच्या फोनमधून येत नाही. ते तुमच्याकडेच आहे.

दहा दिवसांनी त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण द्या. एकदाच. मग सोडून द्या. उत्तर न येणं हेच सगळ्यात जास्त येणारं उत्तर आहे. त्यानं खचू नका.

आता तुमच्यातला कुणीतरी विचारणारच : आणि आडनावाचं काय?

विचारा. विचारायलाच पाहिजे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या दोघांनी अर्जांचाच एक अभ्यास केला. तो 2007 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला. वर्तमानपत्रांत खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती यायच्या, त्यांना त्यांनी जवळपास 4,800 अर्ज धाडले. शिक्षण सारखं, लायकी सारखी, फरक फक्त नावात. सवर्ण हिंदू नाव, दलित नाव, मुस्लिम नाव. पुढच्या फेरीला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. कुणी शिवी दिली नाही, कुणी पाणी नाकारलं नाही. फक्त फोन आला नाही.

हा अभ्यास लॉ फर्मचा नाही, हे लक्षात ठेवा. पण तो दोन गोष्टी शिकवतो. एक, पेपरावरचं नाव वाचणारा डोळा कोरा नसतो. दोन, हे सिद्ध झालं ते कुणी गळा काढला म्हणून नव्हे. हजारो अर्ज शिस्तीत पाठवले, प्रत्येकाची नोंद ठेवली, म्हणून. एका नकारातून काहीच कळत नाही. शंभर नोंदींतून काहीतरी दिसायला लागतं. म्हणून मी तक्ता-तक्ता करून तुमचं डोकं खातोय.

आडनाव लपवायचं की नाही, हे मी तुम्हाला सांगणार नाही. उपाशी माणसाला मी नीतीचे धडे देत नाही. मी माझं लपवलं नाही, एवढंच सांगतो. पण मुलाखतीत कुणी फिरवून फिरवून 'मूळ गाव कुठलं, घरी काय करतात' विचारलं, तर घरी येऊन त्याच दिवशी तक्त्यात लिहा. तारीख, प्रश्न, जसाच्या तसा. चिडून नाही, वकिलासारखं लिहा.

पैशाचंही लिहा. मुंबईत महिनाभर राहायचं, लोकलचा पास, वडापाव, कॉटबेसिसचं भाडं, आणि इंटर्नशिप बिनपगारी. म्हणजे ही अट कुणासाठी सोपी झाली? बार कौन्सिलनं 2024 मध्ये नव्या वकिलांना शहरात महिन्याला 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत असं सुचवलं. सुचवलं, सक्ती नाही केली. आणि इंटर्न तर अजून वकीलही नाही. कोण पैसे देतं, कोण देत नाही, हे पत्र पाठवण्याआधी कळलं तर आपलं पोरगं उधारी करून मुंबईला जाणार नाही. सगळंच अंधारलेलं आहे असंही नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये सुप्रीम कोर्टानं सनदेची फी कायद्यात लिहिलीय त्याहून जास्त घेता येणार नाही असा निकाल दिला. खुल्या वर्गाला 750, अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये. त्याआधी काही राज्यांत पंधरा-वीस हजारांच्या वर घेत होते. कुणीतरी नेटानं अर्ज केला, म्हणून हे झालं. तोही अर्जच होता.

शेवटचं सांगतो आणि बसतो. मी एकट्यानं दोन रात्री जागून दीडशे पत्ते काढले आणि वाया घालवले. इथं तुम्ही चाळीस जण आहात. प्रत्येकानं दहा फर्म घ्यायच्या, शहर वाटून, काम वाटून, म्हणजे एकाच फर्मवर दोघं जाणार नाहीत. पत्ता तपासायचा, नाव तपासायचं, आणि एका तक्त्यात भरायचं. आठ दिवसांत चारशे पत्ते. पुढच्या वर्षी येणाऱ्या पोरीला ते तयार मिळतील, आणि सोबत कोण उत्तर देतं, कोण पैसे देतं, कोण गाव विचारतं, हेही मिळेल. तिच्याकडे मामा नसेल. तिच्याकडे हा तक्ता असेल. ओळख ओळख म्हणतात ती दुसरी काय असते? कुणीतरी आधी जाऊन आलेला असतो आणि तो सांगतो, एवढंच.

तक्ता फक्त आपल्यात ठेवा, चव्हाट्यावर टाकू नका, कुणाचे खासगी मोबाइल नंबर त्यात घालू नका.

ज्याला फर्म नको, ज्याला जिल्ह्याच्या कोर्टात उभं राहून आपल्या लोकांचे खटले चालवायचेत, त्याला माझा सलाम. पण ज्याला आत जायचंय त्यानंही लाजू नये. सॉलिसिटरच्या ऑफिसचं दार आतूनही कुणीतरी उघडावं लागतं.

चला, कागद फिरवतो. आपापलं शहर लिहा.

जय भीम.