पाण्याखालच्या डोंगराची सावली

१५ नोव्हेंबर २०१७ला अर्जेंटिनाची 'सान हुआन' पाणबुडी ४४ जणांसह बेपत्ता झाली. त्या दिवशीचा एक आवाज हजारो किलोमीटर दूर, असेन्शन आणि क्रोझे बेटांजवळच्या पाण्यातल्या माइकनी टिपला. वर्षभराने पाणबुडी त्याच भागात सापडली.

आवाज एवढ्या लांब पोचतो कसा? साधारण एक किलोमीटर खोलीवर त्याचा वेग सर्वांत कमी असतो. वर-खाली भरकटलेला आवाज पुन्हा त्याच थराकडे वळतो आणि पुढे जात राहतो.

पण वाटेत समुद्रातला डोंगर या थरापर्यंत वर आलेला असेल, तर आवाज आपटून विखुरतो. डोंगरामागे जणू सावलीच पडते.

सर्व्हरबद्दल मी जे म्हणतो, तेच इथेही: उत्तर आलं नाही, म्हणजे पलीकडे काही घडलंच नाही, असं नसतं. आधी वाटेतले डोंगर बघा!