तोडणीचे तास

परिषदेसाठी मोखाडा, विक्रमगड, वाड्याच्या पाड्यापाड्यांवरून आलेल्या माझ्या बहिणींनो, भावांनो,

जव्हारच्या या डोंगरावर स्वागत समितीच्या वतीने तुमचं मनापासून स्वागत करतो. दारात हार घातले नाहीत. प्रत्येकाच्या ओंजळीत मोगऱ्याच्या कळ्या दिल्या. आज पहाटे तोडलेल्या या कळ्या संध्याकाळी, तुम्ही परतीच्या घाटात असाल तेव्हा उमलतील. आमचा सगळा धंदा तेवढ्याच वेळात उरकावा लागतो. उमललेल्या मोगऱ्याचा भाव पडतो, आणि दादरचा फूलबाजार इथून सव्वाशे किलोमीटरहून लांब आहे.

इथे पाऊस धो धो पडतो आणि मार्चमध्ये विहिरी तळाला जातात. भात, नागली, वरई निघाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर जायची. माझं अर्धं बालपण भिवंडीकडच्या एका भट्टीवर गेलं. मोगऱ्याची कळी साधारण फेब्रुवारीत सुरू होते ती पावसाच्या तोंडापर्यंत चालते; म्हणजे हाताला काम नसायचं, नेमक्या त्याच महिन्यांत रोज चार पैसे देणारं हे पीक आहे. दाराला कुलूप न लागलेली घरं मोजा, मग मोगऱ्याची खरी किंमत कळेल. नुसत्या किलोच्या भावावरून ती कळणार नाही.

लागवडीचं तुम्ही जाणताच. दहा गुंठ्यांत चार-चार फुटांवर 680 रोपं बसतात, उतारावर थोडी कमी. रोपांना रोजगार हमीतून मदत होते. मला बोलायचं आहे ते तोडणीबद्दल.

किलोभर वजन व्हायला हजारो कळ्या लागतात, एकेक करून खुडलेल्या. समजा, सासूसुनेनं तीन तास वाकून चार किलो कळी काढली आणि 200 रुपये भाव लागला. विक्रीच्या पट्टीवर 800 रुपये दिसतात. दहा टक्के आडत आणि 120 रुपये गाडीभाडं गेलं की राहतात 600. दोघींचे मिळून सहा तास, म्हणजे तासाला 100 रुपये. आता सगळ्यांचा बहर एकदम आला आणि भाव 80 वर उतरला, तर येतात 320. भाडं तेवढंच द्यावं लागतं. हातात 168 राहतात, तासाला 28 रुपये! यात पाणी, खत, छाटणी धरलेलीच नाही.

हे सहा तास आपण खर्चाच्या वहीत लिहीतच नाही. घरच्याच बाया, त्यांची कसली मजुरी, असं मीही कितीतरी वर्षं म्हणत आलो. याच जिल्ह्यात 1945 साली वारल्यांनी 500 पौंड गवत कापायचे अडीच रुपये मागितले आणि त्यापायी गोळ्या झेलल्या. त्यांच्याच नातींची तोडणी त्यांच्याच घरात फुकटात धरली जावी, हे मला सहन होत नाही.

तास वहीत आले की मार्गही दिसतात. दहा घरांची कळी एकाच टेम्पोत गेली तर भाड्याचा वाटा उतरतो. पाड्यावरच वजन केलं तर बाजारातल्या काट्यावर डोळे मिटून विसंबावं लागत नाही. निम्म्या झाडांची छाटणी पंधरा दिवस मागे ठेवली तर सगळा बहर एकाच पडत्या भावात सापडत नाही. आणि पट्टीचे पैसे कळी खुडणारीच्या खात्यात जमा व्हावेत, असा ठराव या मंडपातून व्हावा ही माझी मागणी आहे. त्याला विरोध होईल, माझ्या घरातही झाला. तरी ती मी मांडतो आहे.

जेवणात नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी आहे. काही कमी पडलं तर पोटात घाला.

पहिलं सत्र तोडणीवाल्या बहिणींचं आहे. फेब्रुवारीपासूनचे तास त्यांनी वहीत मांडून आणले आहेत, कुणी स्वतः, कुणी नातवंडांकडून लिहवून. ध्वनिक्षेपक त्यांच्या हाती देतो.