थोडक्या पैशांत सकस जेवण

श्रोतेहो, महिनाअखेर हात आखडला की किराण्याच्या यादीत पहिली कात्री लागते ती डाळीला! भाकरीने पोट भरते खरे. पण नुसत्या भाकरीवर मूल अंग धरीत नाही. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत जे उणे असते, ते डाळ भरून काढते आणि डाळीतले उणे धान्य भरून काढते. आजीची भाकरी-आमटीची जोडी शास्त्रालाही मान्य आहे, ती यामुळेच.

मग पैसा आणायचा कोठून? २०२३ च्या जानेवारीपासून अंत्योदय व प्राधान्य कुटुंबांना रेशनचे धान्य मोफत मिळते. तेथे वाचलेला पैसा आधी डाळ, मटकी, शेंगदाण्यांकडे वळवा. चहाबरोबरच्या बिस्किटपुड्याकडे नव्हे. मटकीला मोड आणा, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व वाढते. मात्र ती फार शिजवू नका. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. दारच्या शेवग्याचा पाला तर विकतही आणावा लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा, तिच्यातले लोह अंगी लागते.

गुरुजी, एवढे वर्गात जरूर सांगा. आणि मायबहिणींनो, कात्री लावायचीच झाली, तर डाळीला सर्वांत शेवटी लावा.