दानाची कसोटी



आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने जैन परंपरेने सांगितली. दान कोणाला द्यावे, कोणत्या भावाने द्यावे, याचा विचार शास्त्रकारांनी बारकाईने केला. घेणाऱ्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र बहुधा पावतीपुस्तकापाशीच थांबतो.

अर्धापूरच्या केळीच्या बागांत राबणाऱ्या मजूर स्त्रीचे दारिद्र्य हे कामाच्या दिवसांचे दारिद्र्य आहे. सुगीत तिला उसंत नसते, उन्हाळ्यात हाताला काम नसते. 1972 च्या दुष्काळाच्या अनुभवातून ‘मागेल त्याला काम’ देणारी रोजगार हमी योजना महाराष्ट्रात रुजली. तिचा कायदा 1979 पासून अमलात आला. त्याने अनेकांची चूल पेटली, पण मजूर मजूरच राहिला.

मग भांडवल द्यावे काय? नांदेडकरांना जवळच्या हैदराबादेत 2005 नंतर याची परीक्षा झाली. 104 वस्त्यांपैकी 52 वस्त्या केवळ सोडत पद्धतीने निवडून तेथे एका वित्तसंस्थेने स्त्रियांना लघुकर्जे दिली. अभिजित विनायक बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांनी दोन्हीकडची कुटुंबे ताडून पाहिली. (2019 चे नोबेल मिळालेल्या या बॅनर्जींच्या मातोश्री माहेरच्या पाटणकर, हे मराठी माणसाने आवर्जून लक्षात ठेवावे.) काहींचे धंदे वाढले, कुटुंबाचा सरासरी खर्च, म्हणजे राहणीमान, मात्र जवळपास होते तेथेच राहिले.

मुर्शिदाबाद जिल्ह्यातील अनुभव निराळा. बांगलादेशातील ‘ब्रॅक’च्या धर्तीवर ‘बंधन’ संस्थेने तेथे ग्रामस्थांच्याच साहाय्याने अतिदरिद्री कुटुंबे शोधली. सोडतीत निवडलेल्यांना गाय, शेळ्या किंवा किरकोळ विक्रीचा माल, आरंभीच्या काळापुरता निर्वाहभत्ता आणि प्रशिक्षण देऊ केले. कार्यकर्ता नेमाने घरी जाऊन विचारपूस करी. फुकटची गाय संशयाने नाकारणारेही पुष्कळ निघाले. तरीही दहा वर्षांनंतर सोडतीत निवड झालेली कुटुंबे इतरांपेक्षा सुस्थितीत आढळली. बांगलादेशातही अशाच साहाय्यानंतर शेतमजुरी व धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया पशुपालनाकडे वळल्या आणि त्यांचे उत्पन्न वाढले.

चिठ्ठी टाकून गरिबाचे भाग्य ठरविणे निष्ठुर आहे, असा आक्षेप येतो. सर्वांना पुरेल इतका निधी असेल, तर तो रास्तच आहे. परंतु शिलाई यंत्रे वीस आणि अर्ज साठ असले की निवड होतेच, आणि ज्याच्यासाठी कोणी शब्द टाकला त्याचा क्रमांक आधी लागतो. चिठ्ठीला ओळखपाळख नसते.

एक अडचण मात्र खास जैन समाजाची. शेळी वाढते, विकली जाते आणि अखेर खाटकाकडे पोहोचते. अहिंसेचे व्रत मानणाऱ्या न्यासाला ती देता येणार नाही. दुभती गाय दिली, तर ती भाकड झाल्यावर गोशाळेची सोय आधीच हवी. त्यापेक्षा कापडाचा गठ्ठा, बांगड्या, किराणा किंवा शिलाई यंत्र बरे. पण त्याबरोबर वर्ष-दीड वर्ष विचारपूस करणारा माणूसही द्यावा लागेल.

पडताळणीसाठी विद्यापीठच हवे असे नाही. दिवाळीला जमा-नावे ताडून वही मिटविणारे पाच-सहा श्रावक पुरेत. त्यांनी वर्षाअखेर यंत्र मिळालेल्या घरी जावे, आणि सोडतीत नाव न निघालेल्या घरीही जावे.