तोंडाचा दोष नाही, उजेडाचा आहे

(रहिमतपूर येथे प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेली मांडणी. बैठकीला न आलेल्या सदस्यांसाठी इथे देत आहोत.)



आजचा विषय कर्जाचा नाही, हप्त्याचा नाही. आजचा विषय आहे तुमचा फोटो. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

मागच्या महिन्यात आपल्या एका समूहातल्या ताईंचा अर्ज परत आला. कागद सगळे बरोबर होते. फोटोत मात्र अर्ध्या तोंडावर पदराची सावली, नाकाखाली काळा पट्टा आणि मागे भिंतीवर दुसरी बाई उभी असल्यासारखी सावली. ताईंनी एक दिवसाची मजुरी बुडवून दुसरा फोटो काढला. तोही तसाच आला. मी विचारलं, तर म्हणाल्या, "माझं त्वांडच काळं हाय, पोरी. त्याला फोटोवाला तरी काय करणार?" आणि अर्ज पिशवीत ठेवून दिला.

त्या वाक्यासाठी मी आज उभी आहे. कारण ते खरं नाही.

सावली कुठून येते ते आधी समजून घेऊ. कडक उन्हात अंगणात उभं राहिलं की सावली कशी पडते? काळी, कडा सुरीसारख्या. आणि पावसाळ्यात आभाळ भरून आलेलं असलं की? सावली जवळजवळ दिसतच नाही. सूर्य तोच असतो. पण आता उजेड एका ठिपक्यातून येत नाही, सगळ्या आभाळातून येतो. उजेडाची जागा लहान असली की सावली कडक, मोठी असली की सावली मऊ. एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे.

मोबाईलचा फ्लॅश केवढा असतो? टिकलीएवढा. म्हणून तो नाक, हनुवटी, पदर, नथ सगळ्यांची कडक सावली पाडतो. फोटो स्टुडिओत तुम्ही पांढरी छत्री बघितली असेल. ती पावसासाठी नसते. फ्लॅश त्या छत्रीवर पाडतात, म्हणजे टिकलीएवढा उजेड छत्रीएवढा होतो. फ्लॅश नव्हता त्या काळात स्टुडिओच्या छताला काचा बसवत आणि खाली पांढरे पडदे सरकवत. युक्ती तीच, उजेड पसरायचा.

आता आपण काय करायचं?

पहिलं, दिवसा फ्लॅश लावूच नका. उघड्या दारासमोर, ऊन अंगावर येणार नाही असं घरात दोन-तीन हात आत उभं राहा. तोंड दाराकडे. फोटो काढणारी दाराच्या बाजूला थोडी सरकून, उजेड अडणार नाही अशी. दार म्हणजे आपली मोठी छत्री.

दुसरं, एका गालावर अंधार राहत असेल तर त्या बाजूला कुणीतरी पांढरी चादर किंवा पांढरं धोतर धरा. उजेड त्यावर आपटून गालावर येतो. डोळ्यांखाली, हनुवटीखाली काळं दिसत असेल तर तीच चादर मांडीपाशी आडवी धरा. रंगीत कापड नको. हिरवी साडी धरली तर तोंड हिरवट येतं. हिरव्या-निळ्या भिंतींचंही तसंच.

तिसरं, भिंतीला टेकून उभं राहू नका. चार पावलं पुढे या. सावली मागे पसरून पुसट होते.

चौथं, रात्री फ्लॅशशिवाय इलाज नसेल तर मोबाईल असा धरा की फ्लॅश वरच्या बाजूला येईल. आडवा धरून फ्लॅश बाजूला गेला तर भिंतीवर कानाशेजारी सावली दिसते. वर असला की ती खांद्यामागे लपते. फ्लॅशवर पातळ पांढऱ्या कागदाचा तुकडा धरला तर उजेड थोडा मऊ होतो. फार जवळूनही काढू नका, कपाळ पांढरंफटक येतं. पण फार लांबही नको. अंतर दुप्पट झालं की उजेड पावपट उरतो. फ्लॅशमध्ये मागची भिंत काळपट येते ती त्यामुळेच. म्हणून अर्जासाठी दिवसाच काढलेला बरा.

पाचवं, पदर. पदर काढायची गरज नाही. दोन बोटं मागे घ्या, कपाळ मोकळं दिसू द्या. चष्म्यावर फ्लॅश चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली. आणि काढण्याआधी मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. मागे पांढरी भिंत असली की मोबाईल फसतो आणि तोंड काळं काढतो. बोट टेकवलं की तो भिंतीचा नाही, तोंडाचा हिशेब धरतो.

आता त्या ताईंच्या वाक्याकडे येते. अमेरिकेतली कोडॅक ही फिल्मची मोठी कंपनी. तिथे फोटो धुताना रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो नमुना म्हणून ठेवत. त्याला शर्ली कार्ड म्हणत. कितीतरी वर्षं सावळ्या माणसांचे फोटो त्याच मापाने धुतले गेले आणि ते काळेमिट्ट आले. म्हणजे माप चुकीचं होतं, माणूस नाही.

हे सगळं का सांगते? कारण आता फोटोशिवाय काम होत नाही. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना मोबाईलसमोर बसून फोटो द्यावा लागला, ते आठवत असेल. पासपोर्टच्या फोटोत तर चेहऱ्यावर आणि मागे सावली चालतच नाही. अर्जावरचा फोटो केवढा? ३५ बाय ४५ मिलिमीटर. तेवढ्या तुकड्यावर आपलं काम अडायला नको.

त्या ताईंचा फोटो मी त्यांच्याच दारात काढला. पांढरी चादर त्यांच्या सुनेने धरली. पाच मिनिटं लागली. फोटो बघून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ही मीच हाय व्हय?" अर्ज दुसऱ्या दिवशी गेला.

माझी एकच विनंती. प्रत्येक ग्रामसंघाने एक पांढरी चादर घडी करून दप्तरासोबत ठेवावी. बैठकीच्या दिवशी, उजेड असताना, ज्यांना फोटो हवा त्यांचा काढावा. समूहातल्या दोघींनी तरी हे शिकून घ्यावं. आणि पुढच्या वेळी फोटो वाईट आला तर आरशाला विचारू नका. उजेड कुठून येतोय ते बघा.