गावचा किनारा आणि परवानगीचा कागद



आज बोलायचं आहे ते किनाऱ्यावर होणाऱ्या बांधकामांबद्दल, आणि त्यांच्या परवानगीचा कागद ग्रामपंचायतीत येतो तेव्हा आपण बायकांनी काय बघायचं त्याबद्दल. मी सिंधुदुर्गातल्या एका किनारी गावची. आमच्या बचत गटात मासळी विकणाऱ्या आहेत, माडाच्या झावळ्यांच्या केरसुण्या करणाऱ्या आहेत, दोघी-तिघी घरगुती खानावळही चालवतात. म्हणजे किनाऱ्यावर आमच्यातल्या प्रत्येकीचं पोट कुठे ना कुठे टेकलेलं आहे.

आपण किनाऱ्यावर काय काय करतो ते एकदा मोजून बघा. रापणीची मासळी आली की वाटे घालतो. चैत्र-वैशाखात आगोटीची बेगमी म्हणून सुंगटं, बांगडे, मोदकं वाळत घालतो. ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या आणि कालवं काढतो. जाळी सुकवायला, होड्या ओढून ठेवायला, मुलांना खेळायला तीच वाळू. गणपतीही तिथूनच पाण्यात जातात. आता यातलं सातबाऱ्यावर काय लिहिलेलं आहे? काहीच नाही. कागदावर ती नुसती मोकळी जागा असते. आणि मोकळी जागा दिसली की बाहेरच्या माणसाला ती वापरात नाही असंच वाटतं.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून किनाऱ्याच्या जमिनीला भाव आला. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पाहुणे येतात म्हणून आमच्या गटाचं कोकम, आगळ, सोलकढी विकली जाते. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात आणि गावातल्या घरांत राहतात. पर्यटन असंही होतं. प्रश्न एवढाच, की कुठे काय बांधायचं हे ठरवताना आपल्याला विचारतात का. आणि विचारलं, तर आपल्याला उत्तर देता येतं का.

त्यासाठी नियम थोडा समजून घेऊ. सीआरझेड हा शब्द आपण ऐकलेला असतो. किनाऱ्याच्या बांधकामाबद्दल केंद्र सरकारची ही अधिसूचना पहिल्यांदा १९९१ साली निघाली, मग २०११ साली नवी आली आणि त्यानंतर १८ जानेवारी २०१९ ची. ज्या जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापनाचा नकाशा नव्या नियमाप्रमाणे मंजूर झाला, तिथे २०१९ चा नियम चालतो.

यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द म्हणजे भरती रेषा. मोठ्या भरतीचं पाणी जमिनीवर जिथवर येतं, ती रेषा तज्ज्ञांनी आखून नकाशावर मारलेली असते. अंतर मोजायचं ते त्या रेषेपासून, जमिनीच्या बाजूला. गावाची लोकसंख्या दाट असेल, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ माणसांपेक्षा जास्त असेल, तर समुद्राकडेचे पहिले ५० मीटर ना-विकास क्षेत्र. त्याहून विरळ वस्ती असेल तर २०० मीटर. आपल्या जिल्ह्याची सरासरी बघितली तर चौरस किलोमीटरला १६३ च्या आसपास माणसं. म्हणजे आपल्याकडच्या गावांना बहुतेक ठिकाणी २०० मीटरचा नियम. खाडीकाठी मात्र हिशेब वेगळा: ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते.

ना-विकास क्षेत्र म्हटलं म्हणजे तिथे काहीच करता येत नाही असं नाही. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती होते. शेती, बागायत चालते. गावासाठी शाळा, दवाखाना, रस्ता, शौचालय होऊ शकतं. आणि हे नीट ऐका: मासळी वाळवण्याची जागा, जाळी दुरुस्त करायची जागा, लिलावाची शेड हेसुद्धा होऊ शकतं. म्हणजे आपलं वाळवण कायद्याला मान्य आहे. ते आपण कधी मागितलं नाही, एवढंच. ना-विकास क्षेत्राबाहेर आपल्या घरात पाहुणे ठेवायचे असतील तर तेही चालतं. अट अशी, की घराचं जोतं आणि रूप बदलायचं नाही.

वाळूच्या टेकड्या, कांदळवन, कासवांची अंडी घालायची जागा हा तर सगळ्यात जपायचा भाग. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला राज्यभर बंदी केली. त्याच्या चारही बाजूंना ५० मीटरपर्यंत बांधकाम करायचं नाही आणि भराव, डेब्रिज टाकायचं नाही असंही सांगितलं. तिवरं कोणाच्या खाजगी जमिनीत उभी असली तरी हा नियम सुटत नाही.

आता परवानगी कोण देतं ते बघू. मोठा प्रकल्प असेल तर प्रकरण राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातं, काही प्रकरणं थेट केंद्राकडे. पण स्वतः राहण्यासाठी बांधायचं घर ३०० चौरस मीटरपर्यंतचं असेल, तर स्थानिक संस्थाच मंजुरी देऊ शकते. प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. मात्र ते प्रकरण सीआरझेडच्या नियमात बसतं की नाही हे स्थानिक संस्थेने तपासायचं असतं. ही सवलत गरीब मच्छीमाराला घर बांधता यावं म्हणून चांगली आहे. पण त्यातून पळवाटही निघते. एकाच कुंपणात चार नावांवर चार राहती घरं मागितली, तर ती खरोखर घरं आहेत की हॉटेलच्या खोल्या? हे मुंबईत बसलेल्या साहेबाला दिसणार नाही. गावातल्या बाईला दिसतं. चार घरांना मिळून स्वयंपाकघर एकच, म्हणजे काय ते तिला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या गावात काय झालं ते सांगते. कोणाचं नाव घेत नाही, कारण नावाशी माझं भांडण नाही. समुद्राकडेच्या बागेत कॉटेज बांधायची आणि पुढे चिऱ्याची गडग्याहून उंच भिंत घालायची, असा अर्ज आला. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला हवा होता. विषय आला तो ग्रामसभेच्या ऐनवेळच्या विषयांत.

आपल्याकडे कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती रजिस्टरमध्ये होते, म्हणजे सही करायची आणि घरी जायचं. त्या वेळी आम्ही बसलो. नकाशा मागितला. त्यावर समुद्रापासूनचं अंतर भरपूर दाखवलेलं होतं. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या काकींना अक्षरओळख नाही. त्यांनी विचारलं, "ह्यां पाणी खंयच्या वेळचां?" मोजणी ओहोटीच्या पाण्यापासून केलेली होती. आमचा किनारा सपाट, ओहोटीला पाणी कितीतरी आत जातं. भरती रेषेपासून मोजलं असतं, तर भिंत आणि पुढच्या खोल्या २०० मीटरच्या आत येत होत्या. आणि बंदरावर उतरायची पायवाट नकाशावर नव्हतीच.

पण खरी अडचण नकाशाची नव्हती. ज्यांची ती जमीन, त्या घरची सून आमच्याच गटात होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "माझा मुलगा गोव्यात हॉटेलात भांडी घासतो. इथे त्याला काम मिळेल तर तुमच्या वाळवणासाठी मी नको म्हणू?" सभेत कोणी बोलेना. तिचं चुकीचं नव्हतं. आणि पायवाट बंद झाली तर ज्या सहा-सात जणी मासळीची टोपली डोक्यावर घेऊन त्या वाटेने वर येतात, त्यांचंही चुकीचं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. प्रकल्प हवा की नको हा एक प्रश्न. तो नियमात बसतो का, आणि गावाची वाट, वाळवण, विहीर राहते का, हा दुसरा. पहिल्यावर आमचं एकमत नव्हतं आणि आजही नाही. दुसऱ्यावर झालं. ठराव लिहिला: मंजूर नकाशावरच्या भरती रेषेपासून पुन्हा मोजणी झाल्याशिवाय दाखला देऊ नये, पूर्वापार पायवाट नकाशावर दाखवावी, वाळवणाची जागा पंचायतीच्या दप्तरी नोंदवावी, पाणी कुठून घेणार आणि सांडपाणी कुठे सोडणार ते लेखी द्यावं, गावातल्या मुलांना काम देण्याचंही लेखी द्यावं. शेवटचं कलम त्या सुनेच्या सांगण्यावरून घातलं.

पाण्याचं मुद्दाम सांगते. किनाऱ्याच्या विहिरीत गोडं पाणी खारट पाण्यावर तरंगत असतं. पंप लावून उपसा वाढवला की खालचं खारं पाणी वर चढतं. एकदा विहीर मचूळ झाली की ती सुधारायला पावसाळ्यांमागून पावसाळे जातात, आणि तोवर हंडे आपल्याच डोक्यावर.

पुढे मोजणी झाली. भिंत मागे गेली, खोल्या कमी झाल्या, पायवाट नकाशावर आली. काम सुरू व्हायला उशीर झाला. ती सून पुढचे पाच-सहा महिने गटाच्या सभेला आली नाही; हप्ता मात्र मुलीबरोबर वेळेवर पाठवायची. आता येते. पण जमिनीचा विषय निघाला की गप्प बसते. हे मी लपवत नाही, कारण तुमच्याही गावात असंच होईल. विरोधात उभं राहणारी बाई परकी नसते. बऱ्याचदा ती आपल्याच पंक्तीला बसलेली असते. म्हणून कागदावर बोलावं, माणसावर बोलू नये.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते, लिहून घ्या.

एक. ग्रामसभेची नोटीस आली की विषय वाचा किंवा कोणाकडून वाचून घ्या. ऐनवेळच्या विषयात बांधकामाचा दाखला आला, तर पुढच्या सभेत रीतसर घ्या असं सांगा आणि ते इतिवृत्तात लिहायला लावा. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते लागतं. ती झाली की नाही हेही बघा.

दोन. आपल्या गावचा किनारा व्यवस्थापनाचा नकाशा, सर्व्हे नंबर दाखवणारा, पंचायतीत मागा. मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या बहिणीने अर्ज केला तर तीही नाही. ३० दिवसांत उत्तर यायला हवं.

तीन. त्या नकाशावर आपल्या वाटा, वाळवणं, विहिरी, होड्यांच्या जागा पेन्सिलीने दाखवा आणि त्या नोंदवून घेण्याचा ठराव महिला सभेत करा. हे कुठलाही प्रकल्प यायच्या आधी करा. अर्ज आल्यावर मागितलं की अडवणूक वाटते.

चार. वाट किंवा सार्वजनिक जागा कोणी अडवली तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली अतिक्रमण काढायचा अधिकार पंचायतीला आहे. तोंडी सांगू नका. अर्ज द्या आणि पोच घ्या.

पाच. सीआरझेडसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची समिती असते. तिच्यात पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावे लागतात. आपल्या जिल्ह्यात ते कोण आहेत हे विचारा. त्यात एकही बाई नसेल, तर तेही विचारा.

मैत्रिणींनो, २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. म्हणजे दाखल्यावर सही करणारी सरपंच अनेक गावांत आपलीच ताई, आपलीच वहिनी असते. तिच्यावर दबाव येतो. घरून येतो, बाहेरूनही येतो. महिला सभेचा लेखी ठराव तिच्या हातात असेल तर ती समोरच्याला सांगू शकते, "हे माझं एकटीचं म्हणणं नाही." म्हणून पुढच्या महिला सभेला सही करून परत येऊ नका. बसा, आणि नकाशा मागा. आपली पायवाट त्यावर आहे का, तेवढं आधी बघा.