वाळा, लिंबू आणि हरवलेलं नाक : स्वतःचा सुगंध थराथरानं कसा जमवायचा

(आजच्या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

बऱ्याच जणांनी विचारलं होतं की, काही माणसांचा म्हणून एक वास असतो. ती खोलीतून गेली तरी कळतं की अमुक येऊन गेली. तो वास एका बाटलीतून येतो, की दोन-तीन गोष्टी एकावर एक लावून जमवतात? इंग्रजीत याला लेअरिंग म्हणतात. आपण साधं थर लावणं म्हणूया.

पण आधी माझी गोष्ट सांगते, कारण मी यात शिरले ते हौसेनं नाही, नाइलाजानं.

एप्रिल २०२१ मध्ये मला कोविड झाला आणि वास गेला. गॅसवर फोडणी जळत होती, मी शेजारी उभी, आणि पत्ताच नाही. दोन महिन्यांनी वास परत आला, पण वेडावाकडा. कॉफीला जळलेल्या रबराचा वास. आणि अकरा वर्षं मी जो परफ्यूम लावत होते, तो मला फिनेलसारखा यायला लागला. डॉक्टर म्हणाले, याला पॅरोस्मिया म्हणतात. घरच्यांना तो परफ्यूम पूर्वीसारखाच छान येत होता. मला मात्र ओकारी यायची. हसू नका, पण त्या दिवशी मी रडले. आपलं असं काहीतरी कुणी काढून घेतल्यासारखं वाटलं.

डॉक्टरांनी व्यायाम दिला. नाकाचा व्यायाम! गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी वीसेक सेकंद, शांतपणे हुंगायचं. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल यांच्या गटानं २००९ मध्ये हीच पद्धत बारा आठवडे वापरून अभ्यास प्रसिद्ध केला होता. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, पण पुष्कळांना येतो. मी गुलाबपाणी, निलगिरीचं तेल, लिंबाची साल आणि डब्यातली लवंग घेऊन बसायचे.

त्या व्यायामानं मला जे शिकवलं, तेच थर लावण्याचं पहिलं सूत्र आहे. एका वेळी एकच वास, आणि तो नीट ओळखीचा होईपर्यंत. आपण काय करतो? दुकानात जातो, दहा बाटल्या हुंगतो आणि डोकं धरून बाहेर येतो. तीन-चार वासांनंतर नाक थकतं. मध्ये जरा मोकळ्या हवेत जा, किंवा स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या.

आता थर म्हणजे नेमकं काय? कुठल्याही सुगंधात काही घटक लवकर उडणारे असतात आणि काही चिकट. लिंबू, संत्रं यांसारखे वास आधी येतात आणि पंधरा-वीस मिनिटांत निघून जातात. मोगरा, गुलाब अशी फुलं काही तास राहतात. चंदन, ऊद, वाळा, अंबर हे तळाला बसतात आणि संध्याकाळपर्यंत सोबत करतात. थर लावताना आपण हीच उतरंड स्वतःच्या हातानं रचतो.

आणि हे काही परदेशातून आलेलं नवं फॅड नाही हं. कनौजची अत्तराची जुनी रीत बघा. तांब्याच्या डेगमध्ये फुलं आणि पाणी, खाली जाळ, बांबूच्या नळीतून वाफ जाते ती भपक्यात, आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं. म्हणजे फूल चंदनाच्या मांडीवरच बसतं. आता चंदन महाग, म्हणून पुष्कळदा दुसरं तेल वापरतात, ती गोष्ट वेगळी. अरबांकडे आधी अंगाला ऊद, मग कपड्यांना बखूरचा धूर, मग वरून अत्तर. आणि आपली दिवाळीची पहिली आंघोळ? सुवासिक तेल, त्यावर वाळा, नागरमोथा, कचोरा घातलेलं उटणं, मग चंदनाचा साबण, शेवटी कानामागे अत्तर. चार थर झाले की!

बरं, करायचं कसं? मी करते ते सांगते.

आंघोळीनंतर त्वचा जरा ओलसर असताना बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. कोरड्या त्वचेवर सुगंध टिकत नाही. मग जड वास आधी. अत्तर असेल तर एक थेंब, मनगटावर किंवा मानेला. पाच-दहा मिनिटं थांबा. मग हलका वास, हातभर अंतरावरून, एक किंवा दोन फवारे. अत्तर पांढऱ्या कपड्यावर लावू नका, डाग पडतो.

सुरुवातीला दोनच वास घ्या, आणि दोघांत मोठा कोण ते ठरवा. चंदनावर मोगरा चालतो, उदावर गुलाब चालतो. पण दोन्ही बोलघेवडे असतील तर भांडण होतं. आधी कागदाच्या दोन पट्ट्यांवर एकेक लावा, दोन्ही एकत्र धरून नाकासमोर हलवा. आवडलं तर अंगावर, आणि दिवसभर थांबून मगच मत बनवा. बाटल्या एकमेकींत ओतू मात्र नका. बिघडलं तर दोन्ही गेल्या.

एक काळजीची गोष्ट. ‘शुद्ध तेल’ म्हणून मिळणारी लिंबाची, बर्गमोटची तेलं थेट कातडीला लावून उन्हात जाऊ नका. भाजल्यासारखे डाग पडू शकतात. नवीन काहीही आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दिवसभर बघा.

आणि दुसरी, जी मी ठेच खाऊन शिकले. आपलं नाक आपल्याच वासाला अर्ध्या तासात सरावतं. मला तर आधीच कमी येत होतं, म्हणून मी परत परत मारत सुटले. सासूबाई म्हणाल्या, “अगं, लग्नाला निघालीस का कुठे?” तेव्हापासून नियम केला, की मला येत नाही याचा अर्थ इतरांना येत नाही असा नाही. शंका असेल तर घरातल्याला विचारायचं. लोकलमध्ये, दवाखान्यात, अर्धशिशीचा त्रास असलेल्या सहकाऱ्याशेजारी तर कमीच बरं.

आता माझा वास. व्यायाम सुरू करून चार महिने झाले असतील. पेठेतल्या एका अत्तरवाल्याकडे गेले आणि सगळं खरं सांगितलं. त्यांनी कुठलीही महागडी बाटली काढली नाही. म्हणाले, “ताई, उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना. तुम्ही वाळ्यापासून सुरू करा.” काडीवर जरासा लावून दिला. आणि मंडळी, तो वास सरळ आला! न वाकता, न जळता. आजीच्या माठात वाळ्याची जुडी असायची, ते पाणीच आठवलं.

त्यावर काय ठेवावं हे शोधायला तीन आठवडे गेले. गुलाब जमला नाही, मोगरा मला अजूनही कुजका येत होता. शेवटी केमिस्टकडचं साधं ओ-द-कोलोन, लिंबाच्या वळणाचं. खाली वाळा, वर ते. माठातल्या पाण्यात कुणी लिंबू पिळावं तसं. लिंबू लवकर उडतं, म्हणून रुमालावर दोन थेंब घेऊन जाते. दुपारनंतर नुसता वाळा उरतो, तोही चालतो.

परवा दिवे गेले होते. मी अंधारात जिना चढून आले. लेक आतूनच म्हणाली, “आई, आलीस का?” पाऊल वाजलं नव्हतं.

कॉफी मला अजून नीट येत नाही. जुनी बाटली कपाटात आहे, कधीतरी उघडून बघते. पण आता वाईट वाटत नाही. तो वास मी विकत घेतला होता, हा मी जमवलाय.

या आठवड्याचा गृहपाठ : स्वयंपाकघरातल्या चार गोष्टी डोळे मिटून, एकेक करून हुंगा, आणि कुठल्या दोन एकत्र बऱ्या वाटतील ते वहीत लिहा. व्हॉइस नोट पाठवलीत तर पुढच्या भागात ऐकवीन.